समुद्रतळाची चित्रलेखा

बाणासुराची कन्या उषा हिनें स्वप्नांत एक तरुण पाहिला. तो कोण, कोठला, हें तिला ठाऊक नव्हतें. मनावर रूप तेवढें ठसलें होतें. तिची सखी चित्रलेखा हिनें मग देव, गंधर्व, मानव यांच्यांतील एकेकाचें चित्र काढून तिच्यापुढें धरण्यास आरंभ केला, आणि अनिरुद्धाचें चित्र पुढें येतांच उषेनें लाजून मान खालीं घातली. पुराण ऐकलेल्या प्रत्येकास ही कथा परिचयाची आहे. परंतु चित्रकलेच्या दृष्टीनें तींत जो एक नाजूक प्रश्न दडला आहे, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. जिनें पाहिलें तिच्या हातांत कुंचला नाहीं. जिच्या हातांत कुंचला आहे तिनें तें पाहिलेलें नाहीं. अशा दोघींमधून उतरलेलें चित्र खरें कशावरून मानावें? पुराणकारानें हा प्रश्न सोपा करून टाकला. कारण अनिरुद्ध द्वारकेंत खरोखरच होता, आणि चित्रलेखेनें निजलेल्या अनिरुद्धास उचलून आणिलें. पण सारी द्वारका धुंडाळूनही तो सांपडला नसता तर?

हा 'तर' म्हणजे केवळ तर्काचा खेळ नव्हे. अटलांटिक महासागरांतील बर्म्यूडा बेटांजवळ १९३० ते १९३४ या वर्षांत हेंच नाटक घडलें. तेथें उषेची भूमिका विल्यम बीबी या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाकडे होती, आणि चित्रलेखेची एल्स बॉस्टेलमन या चित्रकर्त्रीकडे. बाईंचीं चित्रें त्या काळीं 'नॅशनल जिऑग्रॅफिक' मासिकांतून लाखों घरांत गेलीं, पुढें दीर्घ काळ विस्मृतींत पडलीं, आणि २०१७ सालीं न्यूयॉर्क येथील 'ड्रॉइंग सेंटर' या संस्थेनें बीबींच्या मोहिमांतील चित्रांचें जें प्रदर्शन भरविलें, त्यायोगें पुन्हां रसिकांच्या दृष्टीस आलीं. विस्मृतींतून वर आलेल्या कलावंताची स्तुति करतांना तारतम्य सुटण्याचा संभव फार असतो. बाईंचें मोठेपण आम्हांस मान्य आहे. परंतु तें नेमकें कशांत आहे आणि कशांत नाहीं, याची निवड करणें हेंच टीकेचें काम, आणि तें येथें करावें असा आमचा विचार आहे.

बॉस्टेलमनबाईंचा जन्म १८८२ सालीं जर्मनींतील लाइप्झिक येथें झाला. वायमार येथें चित्रकलेचें शिक्षण घेऊन त्या १९०९ मध्यें अमेरिकेंत आल्या. वैधव्य आल्यावर कुंचल्यावर संसार चालविण्याची पाळी त्यांजवर आली. १९२९ सालीं न्यूयॉर्क झूऑलॉजिकल सोसायटीच्या बर्म्यूडा मोहिमेंत त्या चित्रकर्त्री म्हणून दाखल झाल्या, आणि पुढील कांहीं वर्षांत त्यांनीं समुद्रजीवांचीं शेंकडों चित्रें काढलीं. १९६१ सालीं त्यांचा अंत झाला. चरित्र म्हणून एवढें पुरे. त्यांचें खरें चरित्र त्यांच्या कामांतच आहे.

पाण्याखालचें जग चित्रांत आणण्याचा प्रयत्न बाईंच्या पूर्वींही झाला होता. ऑस्ट्रियाचा ऑइगेन फॉन रान्सोनेट हा १८६४-६५ सालीं सिंहलद्वीपाच्या किनाऱ्याजवळ, कांचेची खिडकी बसविलेल्या लोखंडी घंटेंत बसून पाण्याखालीं उतरला आणि तेथेंच त्यानें प्रवाळांचीं रेखाटनें केलीं. १८६६ सालीं आपल्या मद्रास शहरीं जन्मलेला झार प्रिचर्ड हा याहून पुढें गेला. ताहितीच्या समुद्रांत बुडी मारून तेलांत भिजविलेल्या चामड्यावर तो तैलरंगांनीं चित्रें काढी. त्याच्या चित्रांत कडा विरघळलेल्या आहेत, निळाहिरवा धूसरपणा सर्वत्र भरला आहे, आणि मासा हा बहुधा त्या धूसरतेंतील एक झुळूक म्हणूनच येतो. प्रिचर्डला समुद्राचें वातावरण हवें होतें. समुद्रांतील व्यक्ति त्यास फारशा नको होत्या. बॉस्टेलमनबाईंचें ब्रीद याच्या उलट. त्यांस प्रत्येक मासा त्याच्या खवल्यांसह, परांसह, नांवानिशीं हवा होता. म्हणून प्रिचर्डला आपण कवि म्हणूं, तर बाईंस चरित्रकार म्हणावें लागेल. आणि चरित्रकारास कवीपेक्षां अधिक कडक प्रश्न विचारले जातात, हें उघड आहे.

बाईंच्या चित्रांचे आमच्या मतें तीन वर्ग पडतात, आणि हे वर्ग एकमेकांत मिसळूं न देणें ही त्यांच्या रसग्रहणाची पहिली अट होय.

पहिला वर्ग टेबलावरच्या माशांचा. जाळें खोल सोडून वर ओढलें कीं त्यांतून काळे, चंदेरी, कांचेसारखे पारदर्शक असे नाना जीव बाहेर पडत. त्यांतील बहुतेक मेलेले किंवा मरणोन्मुख असत, आणि वर येतांच त्यांचे रंग उडूं लागत. कांहीं मासे इतके लहान कीं सूक्ष्मदर्शकाखालीं धरल्यावांचून त्यांचे अवयव कळूं नयेत. जें मावळत आहे तें मावळण्यापूर्वीं टिपणें, हें या कामाचें मर्म. येथें बाईंच्या हाताची शिस्त दिसून येते. दांतांची संख्या, परांतील कांट्यांची मांडणी, अंगावरील प्रकाशबिंदूंच्या ओळी यांत त्या स्वतःस कसलीही सूट देत नाहींत. आणि तरीही मेलेला मासा त्यांच्या कागदावर मेलेला वाटत नाहीं. शास्त्रीय चित्रें काढणाऱ्यांत ही दुसरी गोष्ट फार थोड्यांस साधते. बाईंच्या कीर्तीचा भक्कम पाया आम्ही या वर्गांतील चित्रांस समजतों, जरी प्रेक्षकांची गर्दी त्यांच्यापुढें सर्वांत कमी होत असली तरी.

दुसरा वर्ग बाईंनीं स्वतः पाण्यांत उतरून पाहिलेल्या उथळ समुद्राचा. डोक्यावर तांब्याचें जड शिरस्त्राण चढवून, वरून नळीनें येणाऱ्या हवेवर श्वास घेत, त्या शिडीनें प्रवाळांच्या रानांत उतरत. तैलरंगांचें पाण्याशीं वैर असल्यामुळें ते पाण्याखालींही चालतात. मात्र कुंचल्याचा लांकडी दांडा हातून सुटला कीं तरंगत वर निघून जातो, म्हणून कुंचले बांधून ठेवावे लागत. ही हकीकत मनोरंजक खरी, पण चित्रकाराची खरी अडचण याहून सूक्ष्म होती. पाणी हें प्रकाशाची गाळणी आहे. सूर्यप्रकाशांतील तांबडा रंग तें सर्वांत आधीं शोषून घेतें. मागाहून नारिंगी, पिवळा असे एकेक रंग लोपतात, आणि शेवटीं निळ्याचें एकछत्री राज्य होतें. अशा उजेडांत तबकडीवरील तांबडा रंगच मुळांत तपकिरी दिसूं लागतो. तेव्हां चित्रकारानें काय करावें? पाण्यांत जें दिसतें त्याच्याशीं पाण्यांतच जुळवून रंग लावावा, तर वर आल्यावर चित्र निराळेंच दिसतें. आणि वरच्या उजेडांतील रंग आठवून लावावा, तर जें डोळ्यांनीं पाहिलें त्याशीं बेइमानी होते. बाईंचीं या वर्गांतील चित्रें सर्वच सारखीं उतरलेलीं नाहींत. कोठें प्रवाळांचा रंग बागेंतील फुलांसारखा भडक झाला आहे, आणि तेथें आपण पाण्यांत आहों हें विसरावयास होतें. परंतु जेथें त्यांनीं निळ्याची सत्ता मान्य केली आहे, तेथें पाण्याची जाडी, त्याचा भार आणि अंतराबरोबर वाढत जाणारा त्याचा पडदा हीं सारीं प्रत्ययास येतात.

तिसरा वर्ग हाच खरा वादाचा विषय. ऑटिस बार्टन या तरुणानें बनवून घेतलेल्या 'बॅथिस्फिअर' नांवाच्या पोलादी गोळ्यांत बसून बीबी व बार्टन खोल समुद्रांत उतरत. गोळ्याचा व्यास अवघा पावणेपांच फूट. खिडक्या तीन इंच जाडीच्या गारेच्या कांचेच्या. आणि वरच्या जहाजाशीं संबंध काय तो एका पोलादी दोराचा व टेलिफोनच्या तारेचा. १५ ऑगस्ट १९३४ रोजीं हा गोळा ३,०२८ फूट खोल गेला. त्यापूर्वीं इतक्या खोलीवरून जिवंत माणूस परत आला नव्हता. खिडकीशीं डोळा लावून बीबी जें पाहत तें टेलिफोनवर बोलत, आणि वर ग्लोरिया हॉलिस्टर ही त्यांची सहकारी शास्त्रज्ञ तें टिपून घेई. बीबी वर आल्यावर त्या टिपणांच्या व त्यांच्या आठवणीच्या आधारानें बाई चित्र काढीत. बीबी 'हें असें नव्हे, तें तसें होतें' म्हणून सांगत. चित्र पुन्हां दुरुस्त होई. बाई स्वतः त्या गोळ्यांतून कधीं खालीं गेल्या नाहींत. खोल समुद्राचें जें रूप त्यांनीं जगास दाखविलें, तें त्यांनीं कानांनीं पाहिलेलें होतें.

ऐकून काढलेलें चित्र म्हणजे खोटें चित्र, असा निवाडा कोणी तडकाफडकीं देऊं म्हणेल तर आम्हांस तो मान्य नाहीं. आपल्याकडील मूर्तिकारानें देवतेस कधीं पाहिलें होतें? ध्यानश्लोक त्यास हात किती, आयुधें कोणतीं, वर्ण कोणता, वाहन कोणतें एवढें सांगतो. ओंठांवरील स्मित मात्र श्लोकांत नसतें, तें छिन्नींतून यावें लागतें. टेलिफोनवरून आलेली हकीकत हीही एका तऱ्हेनें ध्यानश्लोकच होती. दिवे किती, ओळी किती, लांबी किती, हें शब्दांनीं सांगितलें. पण पाठीचा बांक, जबड्याची ठेवण, पाण्यांत वळतांना अंगास पडणारा पीळ हें कोठून आलें? तें टेबलावरच्या शेंकडों माशांपासून आलें. पहिल्या वर्गांतील कष्ट तिसऱ्या वर्गांत असे फळास येतात. ज्यानें खरे मासे इतक्या निष्ठेनें काढले नाहींत, त्यास न पाहिलेला मासा इतक्या सहजतेनें काढतां आला नसता.

परंतु येथेंच मेखही आहे. ध्यानश्लोकावरून घडविलेल्या मूर्तीस कोणी संग्रहालयांतील नमुना मागत नाहीं. बीबींनीं मात्र खिडकींतून पाहिलेल्या कांहीं माशांस, एकही नमुना हातीं नसतांना, लॅटिन नांवें दिलीं. त्यांतील एकाचें नांव 'बॅथिस्फेरा इन्टॅक्टा'. १९३२ सालीं सुमारें २,१०० फुटांवर त्यांस असे दोन मासे दिसले. प्रत्येक निदान सहा फूट लांब. अंगावर फिक्या निळ्या दिव्यांची ओळ. खालीं लोंबणाऱ्या दोन दोऱ्यांच्या टोकांस दिवे. बाईंच्या चित्रांत हे दोन मासे जबडे उघडून त्या पोलादी गोळ्याभोंवतीं फिरत आहेत, आणि काळ्या पाण्यांत गोळ्याच्या दिव्याचा झोत घुसला आहे. दुसरा एक मासा पांच ओळींचा, पिवळ्या मोठ्या दिव्यांभोंवतीं जांभळ्या लहान दिव्यांची कड असलेला, नक्षत्रांनीं मढविल्यासारखा. हे मासे पुन्हां कोणाच्या जाळ्यांत आले नाहींत. पुढें खोल समुद्रांत उतरलेल्या कॅमेऱ्यांसही ते दिसले नाहींत. कार्ल हब्ज या नामांकित मत्स्यशास्त्रज्ञानें १९३५ सालींच अशी शंका काढली कीं तो नक्षत्रमासा म्हणजे बहुधा एखादा चमकणारा आंतरगुही जीव असावा, आणि बीबींच्याच श्वासानें धुरकटलेल्या कांचेंतून त्याचे दिवे अधिक शोभिवंत दिसले असावे. शंका बोंचरी आहे, पण अडाणी नाहीं. उषेनें मान खालीं घातली खरी. अनिरुद्ध मात्र द्वारकेंत सांपडला नाहीं.

आमचा आक्षेप हे मासे खरे होते कीं नव्हते यावर नाहीं. महासागर अफाट आहे, आणि उद्यां एखादा सांपडणारच नाहीं असें कोण म्हणेल? आमचा आक्षेप चित्रभाषेवर आहे. टेबलावर तासन्‌तास न्याहाळलेला मासा आणि खिडकीपुढून कांहीं क्षणांत निघून गेलेला, तोही दुसऱ्यानें पाहिलेला मासा, या दोहोंच्या चित्रांत बाईंचा कुंचला एकाच निश्चयानें चालतो. तीच स्वच्छ कड, तोच सफाईदार तजेला, तीच दांतांची मोजदाद. चांगला लेखक 'मी पाहिलें', 'मी ऐकलें' आणि 'मला वाटतें' हीं तीन क्रियापदें एकमेकांत मिसळूं देत नाहीं. चित्रास क्रियापद नसतें. म्हणूनच चित्रकारावर ही जबाबदारी अधिक. कोठें रेषा विरूं द्यावी, कोठें अंगाचा भाग अंधारांतच राहूं द्यावा, कोठें केवळ दिवे ठेवून मासा प्रेक्षकाच्या तर्कावर सोडावा, हे उपाय चित्रकलेस अपरिचित नाहींत. ते योजिले असते तर चित्राचा प्रभाव कमी झाला असता असें आम्हांस वाटत नाहीं; उलट वाढला असता.

या दोषाचे परिणाम दूरवर जातात. १५१५ सालीं गुजरातच्या सुलतानानें पोर्तुगीजांस दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजानें लिस्बनला पोंचला. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूरर यानें तो डोळ्यांनीं पाहिला नाहीं. एक वर्णन व एक रेखाटन यांवरून त्यानें त्याचा लांकडी ठसा कोरला. त्यांत गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आहेत आणि मानेच्या मागें एक आगंतुक शिंग आहे. ठसा इतका जोरकस होता कीं पुढें दोन शतकांहून अधिक काळ युरोपांतील ग्रंथांतून तेंच शिंग उमटत राहिलें. प्रत्यक्ष गेंडे युरोपांत आले तेव्हां तें हळूहळू गळून पडलें. खोल समुद्रांतून असा प्रत्यक्ष साक्षीदार आणणें किती दुर्घट! म्हणून तेथें जोरकस चित्र हें अधिक धोक्याचें.

दुसरा एक दोष याहून व्यापक आहे, आणि तो खऱ्या माशांच्या चित्रांतही शिरला आहे. तो म्हणजे मापाचा अभाव. बाईंचें एक अत्यंत गाजलेलें चित्र व्हायपरफिश नांवाच्या माशाचें आहे. लांब सुळ्यांनीं भरलेला जबडा वासून तो सनफिश माशाच्या कांटेरी पिल्लाच्या पाठीस लागला आहे. रचना निर्दोष आहे. गतीचा भास अप्रतिम आहे. पाहणाऱ्याच्या अंगावर कांटा उभा राहतो. परंतु हा भयंकर राक्षस मोठा झाला तरी फार तर फूटभर लांबीचा असतो, आणि तें पिल्लूं म्हणजे कांहीं मिलिमीटरांचा जीव, तांदळाच्या दाण्याएवढा! जगलें तर तेंच पिल्लूं पुढें हजार किलोंहून अधिक वजनाचें होईल, ही गोष्ट निराळी. ओंजळींत मावेल एवढी घटना चित्रांत रामरावणयुद्धाएवढी झाली आहे. कोपऱ्यांत एखादी लहानशी मापाची रेघ असती तर चित्राचें सौंदर्य उणावलें नसतें, आणि खोल समुद्र म्हणजे राक्षसांची गुहा हा ग्रह लाखों वाचकांच्या मनांत इतका दृढ झाला नसता. या दोषाचे वांटेकरी अर्थात् मासिकाचे संपादकही आहेत. भयानक रसास गिऱ्हाईक फार, हें कोणत्या संपादकास ठाऊक नसतें?

यावर कोणी म्हणेल कीं कलेस शास्त्राच्या तराजूंत घालणें हा अरसिकपणा आहे. चित्र सुंदर असलें म्हणजे झालें. बाई स्वतः केवळ सौंदर्याचा दावा करीत्या, तर आम्ही हा युक्तिवाद आनंदानें मानला असता. पण त्यांनीं साक्षीदाराचा वेष पत्करला. प्रिचर्डचें स्वप्न स्वप्न म्हणूनच पुढें येतें, म्हणून तें फसवीत नाहीं. जें चित्र 'हें असें आहे' म्हणून पुढें येतें, त्यास 'कशावरून?' हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रेक्षकास पोंचतो. आणि तो विचारणें हा चित्राचा अपमान नसून गौरव आहे.

आतां बाईंच्या थोरवीची गोष्ट. आमच्या मतें ती त्यांच्या माशांत नसून त्यांच्या काळोखांत आहे. बीबींनीं वारंवार सांगितलें कीं खालच्या निळ्या रंगास भाषेंत शब्द नाहीं, आणि सुमारें दोन हजार फुटांखालीं तर मानवी डोळ्यास सूर्यप्रकाशाचा लवलेशही उरत नाहीं. जें शब्दांत सांगतां आलें नाहीं, तें बाईंस रंगांत काढावयाचें होतें. त्यांचा काळा रंग हा रात्रीचा काळा नव्हे. रात्रींत चांदणें असतें, क्षितिज असतें, पहांटेची आशा असते. या काळ्यांत वर नाहीं, खालीं नाहीं, जवळ नाहीं, दूर नाहीं. त्यांत जो प्रकाश आहे तो बाहेरून पडलेला नाहीं. ज्याचा त्यानें आपल्या अंगांतून आणला आहे. चित्रकलेंत युगानुयुगें वस्तूवर उजेड पडतो आणि वस्तु दिसते. येथें वस्तूच दिवा झाली आहे. हा पालट बाईंनीं न पाहतां ओळखला आणि निःशंकपणें कागदावर उतरविला. एखाद्या माशाचे दांत चुकले असतील, एखादा मासा मुळीं नसेलही. पण हा काळोख खरा आहे, आणि त्यांतील प्रकाशाचा नियमही खरा आहे. नंतरच्या काळांत खोल समुद्रांत जीं यंत्रें उतरलीं, त्यांनीं त्यास दुजोराच दिला.

हा सारा विचार आज करण्याचें कारण केवळ रसिकता नाहीं. हिंदी महासागराच्या तळाशीं धातूंचे गोटे पसरले आहेत, आणि त्यांच्या शोधासाठीं २००२ सालीं झालेल्या करारानें ७५,००० चौरस किलोमीटरांचा टापू भारताच्या वांट्यास आला. तीन माणसांस सहा हजार मीटर खोल नेणारी 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी बांधण्याचें कामही आपल्या शास्त्रज्ञांनीं हातीं घेतलें. तळ खणावा कीं नाहीं, खणल्यास किती, हे प्रश्न येतील तेव्हां त्यांवर मत देणाऱ्या बहुतेकांनीं तो तळ कधींच पाहिलेला नसणार. त्यांच्या डोळ्यांपुढें जें चित्र असेल तेंच निर्णय देईल. तें चित्र राक्षसांच्या गुहेचें असेल तर तिचा नाश झाला म्हणून कोणास हळहळ वाटणार? आणि तें रित्या काळोखाचें असेल तर तेथें नष्ट होण्यासारखें आहे तरी काय, असेंच कोणीही म्हणेल. अदृष्ट जगाचें चित्र काढणाऱ्याच्या हातीं त्या जगाचें भवितव्यही असतें, तें असें.

अशा वेळीं बॉस्टेलमनबाईंपासून पुढील चित्रकारांनीं काय घ्यावें, हें स्पष्ट आहे. पहिल्या वर्गांतील निष्ठा घ्यावी, तिसऱ्या वर्गांतील काळोख घ्यावा, आणि जेथें आपण पाहिलेलें नाहीं तेथें कुंचल्यास थोडा संकोच शिकवावा. तो संकोच बाईंजवळ नव्हता, हें आम्हीं लपविलें नाहीं. तथापि ज्या प्रदेशांत जाण्याचें भाग्य त्या काळीं दोनतीन माणसांसच लाभलें, त्या प्रदेशाचें दार त्यांनीं केवळ कानांवर विसंबून हजारों कुटुंबांस उघडून दिलें, हें ऋणही लहान नाहीं. पुराणांतील चित्रलेखेस उषेच्या एका स्वप्नाचा पत्ता लावावयाचा होता. या चित्रलेखेपुढें एका महासागराचें स्वप्न होतें. त्यांतील कांहीं चेहरे अद्याप ओळखावयाचे राहिले, याचा दोष सर्वस्वीं तिच्या कुंचल्याकडे जात नाहीं.